तीन ग्रुपची गणितं: एक माणूस नक्की किती वेळा मोजला गेला?

समजा एका सर्व्हेची बातमी आली. बातम्या कुठे बघता असं लोकांना विचारलं होतं, ६० टक्के म्हणाले मोबाईलवर, ५० टक्के म्हणाले टीव्हीवर आणि ४० टक्के म्हणाले पेपरात. आता खाली कोणीतरी लिहिणारच की ६० आणि ५० आणि ४० मिळून १५० झाले, टक्के शंभराच्या वर जातातच कसे, सगळं खोटं आहे. दहा जण त्याला होकार देणार.

पण खोटं काहीच नाही त्यात. सकाळी पेपर, दुपारी मोबाईल आणि रात्री टीव्ही बघणारा माणूस तिन्हीकडे टिकमार्क करतो, त्याचं नाव तिन्ही आकड्यांत येतं, बेरीज शंभराच्या वर जाणारच. खरा प्रश्न पुढचा आहे. तिन्ही बघणारे किती? फक्त एकच बघणारे किती? यातलं काहीच न बघणारे किती? स्पर्धा परीक्षांत हेच प्रश्न तीन संचांची गणितं म्हणून येतात (संच म्हणजे काहीतरी समान असलेल्यांचा गट, बाकी काही नाही, मी पुढे सरळ ग्रुपच म्हणणार आहे) आणि भलेभले हुशार लोक तिथे अडकतात. मी बरीच वर्षं हे शिकवते आहे आणि माझं ठाम मत झालंय की अडकतात ते बेरीज-वजाबाकीत नाही, वाचण्यात. प्रश्नातला आकडा नक्की कोणाकोणाला धरून आहे हे न बघताच फॉर्म्युल्यात टाकला जातो.

आधी दोनच ग्रुप घेऊ

एक हौशी मंडळ आहे, त्यांचे मोबाईलवर दोन ग्रुप आहेत. गाण्याच्या ग्रुपमधे ४३ जण, नाटकाच्या ग्रुपमधे ३६ जण, आणि १५ जण दोन्हीकडे. तुम्ही एकच निरोप दोन्ही ग्रुपवर टाकला तर एकूण ४३ + ३६ = ७९ फोन वाजले, पण माणसं ७९ नाहीत, कारण त्या १५ जणांचा फोन दोनदा वाजलाय. म्हणून ७९ मधून १५ वजा, माणसं ६४.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. १५ वजा केले म्हणजे त्या १५ जणांना बाहेर काढलं असं नाही!! त्यांची फक्त दुसरी मोजणी काढली, पहिली तशीच आहे, ते ६४ मधे आहेतच. मला दरवर्षी कोणीतरी विचारतं की मॅडम पण वजा केल्यावर ते १५ परत मिळवायला नको का. नको. ते गेलेलेच नाहीत.

तिसरा आला की काय बिघडतं

आता तिसरा ग्रुप आला, चित्रकलेचा, त्यात ३१ जण. मंडळाचे एकूण सभासद ८०. निरोप तिन्हीकडे टाकला, फोन वाजले ४३ + ३६ + ३१ = ११०. माणसं ८० आणि फोन ११०, म्हणजे दोनदा-तीनदा वाजलेले बरेच आहेत.

आपल्याला माहिती अशी दिलीये: गाणं आणि नाटक दोन्हीकडे १५, नाटक आणि चित्रकला दोन्हीकडे ११, गाणं आणि चित्रकला दोन्हीकडे १३, आणि तिन्हीकडे असलेले ५.

दोन ग्रुपला केलं तसंच करू. ११० मधून १५, ११ आणि १३ म्हणजे ३९ काढले, राहिले ७१. आता ते तिन्हीकडचे ५ जण डोळ्यासमोर आणा. बेरजेत ते तीनदा आले होते, प्रत्येक ग्रुपमधे एकदा. वजा करताना मात्र ते तिन्ही जोड्यांमधे होते, म्हणजे तीनदाच काढले गेले. तीनदा आले, तीनदा गेले, हिशोबात त्यांचं नावच उरलं नाही. पण माणसं तर आहेत! म्हणून ते ५ परत मिळवायचे, ७१ + ५ = ७६. आणि ८० मधले उरलेले ४ जण कुठल्याच ग्रुपमधे नाहीत.

पुस्तकात जो लांबलचक फॉर्म्युला असतो, तिन्हींची बेरीज, वजा जोड्या, अधिक मधला, तो हाच आहे. गणितात याला समावेश-वर्जनाचं तत्त्व म्हणतात, म्हणजे आधी सगळे आत घ्या, मग जास्तीचे बाहेर काढा, मग चुकून जास्त काढलेले परत आत घ्या. नाव विसरलात तरी चालेल पण शेवटचा अधिक का आहे हे कळलेलं असलं की चिन्हं पाठ करायची गरज पडत नाही.

सात कप्पे आणि आठवा बाहेरचा

तीन वर्तुळं एकमेकांवर चढलेली काढतात ती वेन आकृती तुम्ही शाळेत बघितली असेल. जॉन वेन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८८० मधे या आकृत्यांवर लेख लिहिला म्हणून त्याचं नाव पडलं, वर्तुळं वापरणारे त्याच्या आधीही होते, अठराव्या शतकात ऑयलरने वापरलेली आहेत. पण दर वेळी सगळे शक्य कप्पे काढायचेच, त्यात कोणी असो वा नसो, ही शिस्त वेनची.

तीन वर्तुळं काढली की आत सात कप्पे होतात. एकाच ग्रुपवाल्यांचे तीन, बरोब्बर दोन ग्रुपवाल्यांचे तीन, आणि मधोमध एक, तिन्हीकडच्यांचा. वर्तुळांच्या बाहेर आठवा, कुठेच नसलेल्यांचा. हा आठवा लोक विसरतात, म्हणून वर्तुळांभोवती चौकोन काढायची सवय लावा, चौकोन म्हणजे अख्खं मंडळ.

प्रत्येक माणूस एका आणि एकाच कप्प्यात बसतो, म्हणून कप्पे भरले की दुहेरी मोजणीची भानगडच संपते, नुसती बेरीज उरते. फक्त भरायचे मधून बाहेर. मधे ५ लिहा. गाणं-नाटक दोन्हीकडे १५ होते ना, त्यातले ५ मधे बसले, मग त्या जोडीच्या कप्प्यात १०. तसंच नाटक-चित्रकला ११ मधून ५ गेले, ६. गाणं-चित्रकला १३ मधून ५, ८. आता बाहेरचे. गाण्याच्या ४३ पैकी १०, ८ आणि ५ बसलेत म्हणजे २३, मग फक्त गाणंवाले २०. नाटकाचे ३६ वजा २१, फक्त नाटक १५. चित्रकलेचे ३१ वजा १९, फक्त चित्रकला १२. सगळी बेरीज ७६. आधी आलं तेच.

मग प्रश्नातले शब्द कप्प्यांच्या भाषेत वाचायला शिकायचं. "गाण्याच्या ग्रुपमधे आहेत" म्हणजे चार कप्पे, आख्खं वर्तुळ. "फक्त गाणं" म्हणजे एक कप्पा. "गाणं आणि नाटक दोन्ही" म्हणजे दोन कप्पे, मधला धरून, कारण जो तिन्हीकडे आहे तो या दोन्हीकडे आहेच. "गाणं आणि नाटक पण चित्रकला नाही" म्हणजे एक कप्पा. "गाणं किंवा नाटक" म्हणजे चक्क सहा कप्पे, गणितातलं किंवा हे दोन्ही असलेल्यांनाही आत घेतं, बोलताना आपण "हे घे किंवा ते घे" म्हणतो तसं ते नाही.

‘फक्त’ या एका शब्दाने उत्तर कसं फिरतं

वरच्याच मंडळात बरोब्बर दोन ग्रुपमधे असलेले १० + ६ + ८ = २४ आहेत. पण तिन्ही जोड्यांची बेरीज ३९ होती. दोन्ही आकडे "दोन ग्रुपमधले" असेच बोलले जातात आणि इथेच घोळ होतो. ३९ मधे ते तिन्हीकडचे ५ जण तीन वेळा लपलेत, २४ मधे ते अजिबात नाहीत. २४ अधिक १५ बरोबर ३९, बघा जुळतंय.

म्हणून २४ दिला असेल तर हिशोब वेगळा. ११० मधे बरोब्बर दोनवाले दोनदा आलेत, त्यांची एक मोजणी जास्त, वजा २४. तिन्हीकडचे तीनदा आलेत, त्यांच्या दोन मोजण्या जास्त, वजा २ गुणिले ५. ११० - २४ - १० = ७६. परत तेच. फॉर्म्युले दोन आहेत असं वाटतं पण काम एकच चाललंय, प्रत्येकाला एकदाच मोजणं.

अदलाबदल केली तर काय होतं तेही करून बघा. पहिल्या फॉर्म्युल्यात ३९ च्या जागी २४ टाकले तर ११० - २४ + ५ = ९१, मंडळात माणसंच ८० आहेत, चूक लगेच ओरडून सांगते. पण दुसऱ्यात २४ च्या जागी ३९ टाकले तर ११० - ३९ - १० = ६१, आणि ६१ हा दिसायला एकदम शहाणा आकडा आहे, ८० पेक्षा कमी, कोणालाच संशय येत नाही, आणि परीक्षेत पर्यायांमधे तो दिलेलाही असू शकतो. मला या दुसऱ्या चुकीची जास्त भीती वाटते.

आता एक प्रश्न बघा. २०० विद्यार्थी, प्रत्येकाने गणित, इतिहास, भूगोल यातला किमान एक विषय घेतलाय. गणितवाले १२०, इतिहासवाले ९०, भूगोलवाले ७०. "दोन विषय घेणारे ५०" असं दिलंय. तिन्ही घेणारे किती?

बरोब्बर दोन घेणारे ५० असतील तर २८० - ५० - २ गुणिले तिन्हीवाले = २००, म्हणजे तिन्हीवाले १५. किमान दोन घेणारे ५० असतील, म्हणजे तिन्हीवाले त्या ५० मधेच धरलेले, तर उत्तर ३० येतं, कसं ते खाली सांगते. आणि ५० ही तीन जोड्यांची बेरीज असेल तर २८० - ५० + तिन्हीवाले = २००, म्हणजे तिन्हीवाले वजा ३०, जे शक्यच नाही, असा प्रश्न कोणी विचारला तर प्रश्नच चुकलाय. एक आकडा, तीन अर्थ, तीन निकाल. नीट काढलेल्या पेपरात "बरोब्बर" किंवा "किमान" लिहिलेलं असतंच, ते शब्द पेन्सिलने गोल करा मग पुढे जा.

माझी आवडती पद्धत: जादा टिकमार्क

वरचं उदाहरण फॉर्म्युल्याशिवाय करू. २०० विद्यार्थी आणि टिकमार्क २८०. प्रत्येकाला एक टिकमार्क देऊन टाका, सगळ्यांनी किमान एक विषय घेतलाय म्हणजे तेवढा प्रत्येकाचा आहेच. उरले ८० जादा. हे कोणाचे? एकच विषयवाल्याचा जादा शून्य, दोनवाल्याचा एक, तीनवाल्याचे दोन. बस, एवढंच लक्षात ठेवायचं.

बरोब्बर दोनवाले ५०? ते ५० जादा घेऊन गेले, उरले ३०, ते तीनवाल्यांचे आणि त्यांचे प्रत्येकी दोन, म्हणून १५. किमान दोनवाले ५०? मग या पन्नासही जणांकडे किमान एक जादा आहे, ५० गेले, उरलेले ३० हे दुसरे जादा आहेत, आणि दुसरा जादा फक्त तीनवाल्याकडेच असतो, म्हणून ३०. तोंडी झालं.

सुरुवातीच्या सर्व्हेकडे जाऊ. १०० माणसं धरा, टिकमार्क १५०. समजा १० जणांनी यातलं काहीच बघत नाही असं सांगितलंय. मग टिकमार्क करणारे ९०, जादा ६०. तिन्ही बघणारा दोन जादा खातो, म्हणून तिन्ही बघणारे ३० पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. जोड्यांचा एकही आकडा न देता एवढं कळलं. आणि बातमीत जर "४० टक्के लोक तिन्ही माध्यमं वापरतात" असं आलं तर हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

"फॉर्म्युला पाठ आहे, मग वर्तुळं कशाला?"

फॉर्म्युला एकूण किती ते सांगतो. "नाटकात आहेत पण चित्रकलेत नाहीत असे किती" असं विचारलं की तो गप्प बसतो, तिथे कप्पे लागतात (१५ + १० = २५). माझा सल्ला असा की फक्त एकूण, तिन्हीवाले किंवा बरोब्बर दोनवाले विचारले असतील तर टिकमार्क, एखादा विशिष्ट कप्पा विचारला असेल तर वर्तुळं. वेळ वर्तुळं काढण्यात जात नाही, खोडण्यात जातो, आणि खोडावं लागतं कारण बाहेरून आत भरत गेलेलं असतं.

दोन ग्रुपला आडवं-उभं टेबल छान चालतं, हो/नाही असे दोन रकाने आणि दोन ओळी. तिसऱ्या ग्रुपला त्या टेबलात जागा उरत नाही, तशी दोन टेबलं करावी लागतात, म्हणून तिथे वर्तुळंच सोपी.

"मधला आकडा दिलाच नसेल तर मधून सुरुवात कशी करायची?"

मधे क्ष लिहा आणि मधून बाहेरच जा. आमच्या मंडळात ५ दिला नसता तर जोड्यांचे कप्पे १५ - क्ष, ११ - क्ष, १३ - क्ष. फक्त गाणं म्हणजे ४३ मधून १५ आणि १३ वजा करा, पण क्ष दोनदा गेला म्हणून एकदा परत, १५ + क्ष. तसंच नाटक १० + क्ष, चित्रकला ७ + क्ष. सातही कप्प्यांची बेरीज ७१ + क्ष, आणि ती ७६ आहे असं दिलेलं असेल तर क्ष ५. इथे लोक "फक्त गाणं" १५ - क्ष लिहून बसतात, तेवढं सांभाळा. आणि कुठलाही कप्पा वजा येता कामा नये, आला तर मागे वळा.

"टक्के असतील तर?"

१०० माणसं धरा, झालं. सापळा फक्त एक, टक्के कशाचे आहेत. "२५ टक्के लोक मोबाईल आणि टीव्ही दोन्ही बघतात" म्हणजे शंभरातले २५. "मोबाईलवाल्यांपैकी २५ टक्के टीव्हीही बघतात" म्हणजे ६० चे २५ टक्के, १५. एका "पैकी"ने दहाचा फरक पडला.

"कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती" असं विचारलं तर

१०० लोकांपैकी ८० पोहतात, ७५ सायकल चालवतात, ७० धावतात. तिन्ही करणारे कमीत कमी किती? इथे करणाऱ्यांकडे बघू नका, न करणाऱ्यांकडे बघा. न पोहणारे २०, सायकल न चालवणारे २५, न धावणारे ३०, मिळून ७५. हे सगळे वेगवेगळे लोक असले तरी ७५ जणांतच काहीतरी राहिलंय, उरलेले २५ तिन्ही करणारच. न करणाऱ्यांची बेरीज १०० किंवा त्याहून जास्त झाली तर कमीत कमी शून्य.

जास्तीत जास्त विचारलं की सगळे सगळ्यात लहान ग्रुपचा आकडा लिहितात, इथे ७०, आणि इथे तो बरोबरही आहे. पण नेहमी नसतो. मघाचे २०० विद्यार्थी आठवा, सगळ्यात लहान ग्रुप भूगोल, ७०. तिन्ही घेणारे ७० असू शकतील? जादा टिकमार्क ८० आहेत, तीनवाला दोन खातो, म्हणून ४० च्या वर जाताच येत नाही. "प्रत्येकाने किमान एक" या अटीने सगळं आवळून धरलंय, पोहण्याच्या प्रश्नात ती अट नव्हती.

"मग चार ग्रुप आले तर?"

कप्पे सोळा होतात, बाहेरचा धरून, आणि गंमत म्हणजे चार वर्तुळं कशीही काढा, जास्तीत जास्त चौदाच कप्पे पडतात, दोन कप्प्यांना जागाच मिळत नाही. वेनलाही हे माहीत होतं, त्याने चार ग्रुपसाठी वर्तुळं सोडून लंबवर्तुळं वापरली. फॉर्म्युल्यात सहा जोड्या वजा, चार तिकड्या अधिक, आणि चारही असलेला परत वजा. टिकमार्क मात्र तसेच चालतात, एकवाल्याचा जादा शून्य, दोनवाल्याचा एक, तीनवाल्याचे दोन, चारवाल्याचे तीन.